प्रॅक्टिससाठी स्वस्त पण जड गोळी: एआरमधून ७५-७७ ग्रेन कशी तपासून घ्यायची

आधी माझा पोपट कसा झाला ते सांगतो, म्हणजे पुढचं सगळं का लिहितोय ते कळेल. ७५ ग्रेनचा (ग्रेन म्हणजे गोळीचं वजन मोजायचं माप) एक स्वस्त ॲमो, म्हणजे काडतुसं, सेलमध्ये दिसला, २० राऊंडचा एक डबा आणला, रेंजवर १०० यार्डला तीन राऊंड मारले आणि तिन्ही भोकं एका क्वार्टरच्या नाण्याखाली झाकली गेली. लगेच फोटो काढला, मित्रांना पाठवला, आणि घरी येऊन १००० राऊंडची पेटी ऑर्डर केली. पेटी आली, लॉट (कारखान्यात एका वेळी भरलेली बॅच) वेगळा. दहा-दहाचे ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या दहा गोळ्या) मारले तर भोकं तळहाताएवढी पसरलेली. रायफल तीच, मी तोच, डब्यावरचं नावही तेच. आता बसा ते हजार राऊंड संपवत.

तर हा लेख अमेरिकेत राहून .२२३ / ५.५६ ची एआर (एआर-१५ प्रकारची रायफल) चालवणाऱ्यांसाठी आहे, ज्यांना २००-३०० यार्डच्या पुढे नीट सराव करायचाय पण प्रत्येक गोळीला मॅचच्या (नेमबाजी स्पर्धेच्या) ॲमोचे पैसे मोजायचे नाहीत. सुरू करायच्या आधी एक गोष्ट, आपल्या लोकांमध्ये ही हमखास विचारली जाते: एच-वन, एफ-वन अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूकच काय, नुसती गोळीही जवळ बाळगता येत नाही, वैध हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद सोडले तर. ग्रीन कार्ड असेल तर गोष्ट वेगळी. शिवाय राज्याराज्याचे नियम वेगळे, इलिनॉयमध्ये तर ॲमो विकत घ्यायलाही एफओआयडी कार्ड (बंदूक बाळगणाऱ्यांचं राज्याचं ओळखपत्र) लागतं. आधी हे बघा, मग बाकीचं.

जड गोळी हवीच कशाला

साधा स्वस्त ॲमो म्हणजे ५५ ग्रेन एफएमजे (फुल मेटल जॅकेट, तांब्याच्या आवरणातली शिशाची गोळी), म्हणजे साधारण ३.५६ ग्रॅमची गोळी. ७७ ग्रेन म्हणजे जवळपास ५ ग्रॅम. व्यास दोघींचा तोच, .२२४ इंच, म्हणून जड गोळी ही लांब गोळी असते, आणि लांब, निमुळती गोळी हवा जास्त चांगली कापते. ५५ एफएमजेचा बॅलिस्टिक कोएफिशंट (गोळी हवा किती चांगली कापते त्याचा आकडा, जास्त तो बरा) साधारण ०.२४-०.२५ च्या आसपास, ७७ च्या सिएरा मॅचकिंगचा ०.३७ च्या आसपास, हॉर्नडीच्या ७५ बीटीएचपीचा ०.३९ च्या वर (या दोन्ही मॅचच्या गोळ्या, बांधणी खाली सांगतो). ७७ ग्रेन नळीतून हळू निघते, २० इंची बॅरलमधून सेकंदाला २७०० फुटांच्या आसपास, ५५ वाली ३१००-३२०० ने. पण ५०० यार्डला पोचेपर्यंत वाऱ्याने जे ढकललं जातं ते जड गोळीचं ढोबळमानाने पाव ते एक तृतीयांश कमी असतं. १०० यार्डला मात्र याचा काडीचा फरक पडत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तुमची रेंजच १०० यार्डची असेल आणि कुठली मॅच वगैरे खेळायची नसेल तर हा लेख इथेच सोडा, एखादा बरा ५५ वापरा आणि उरलेल्या पैशात ट्रिगर बदला.

दुसरं कारण गोळीच्या बांधणीचं आहे, आणि मला विचाराल तर तेच जास्त महत्त्वाचं. एफएमजेचं तांब्याचं आवरण टोकाकडून खाली ओढलेलं असतं आणि बुडाला शिसं उघडं राहतं. ओटीएम किंवा बीटीएचपी म्हणतात त्या मॅच गोळ्यांचं उलट, आवरण बुडाकडून वर येतं, म्हणून टोकाला बारीक भोक राहतं आणि बूड एकसारखं, स्वच्छ बंद. नळीतून बाहेर पडताना गॅसचा शेवटचा धक्का बुडावर बसतो, ते बूड एका बाजूला जरा जरी वाकडं असेल तर गोळी तिथेच कलते. त्यामुळे "जड" हा शब्द बघून हुरळू नका. डब्यावर ७५ लिहिलंय पण आत एफएमजे किंवा टीएमजे (टोटल मेटल जॅकेट, बूडही झाकलेली गोळी) आहे की बीटीएचपी आहे ते वाचा. फेडरल कंपनीचा अमेरिकन ईगल ७५ ग्रेन टीएमजे आणि हॉर्नडी फ्रंटियरचा ७५ ग्रेन बीटीएचपी, दोन्ही ७५ च, पण गोळी पूर्ण वेगळी. आणि ६२ ग्रेनचा हिरव्या टोकाचा एम८५५ हा काही "थोडा जड मॅच ॲमो" नाही, त्याच्या आत पुढे स्टीलचा तुकडा आणि मागे शिसं, दोन तुकडे मध्यावर नीट बसवणं अवघड असतं. वरून बऱ्याच रेंजवर लोहचुंबक लावून बघतात आणि परत पाठवतात.

पहिलं काम: आपली नळी ओळखा

गॅसब्लॉकच्या (नळीवरच्या गॅस मागे नेणाऱ्या ठोकळ्याच्या) पुढे किंवा मझलजवळ (नळीच्या तोंडाशी) बॅरलवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ५.५६ नाटो १/७ किंवा .२२३ वाइल्ड १/८ असं काहीतरी. तो १/७ म्हणजे गोळी ७ इंचात एक गिरकी घेते. लांब गोळीला सरळ राहायला जास्त गिरकी लागते, भोवरा जसा हळू फिरायला लागला की डुलतो तसंच. व्हिएतनामच्या काळातल्या एम१६ ला ५५ ग्रेनसाठी १/१२ पुरत होतं, १९८० च्या दशकात एम१६ए२ आली ती १/७ घेऊन.

१/७ किंवा १/८ असेल तर ७५-७७ बिनधास्त. १/९ असेल तर ६९ ग्रेन साधारण चालते, ७५-७७ नशिबाचा भाग, काही नळ्यांना चालते काहींना नाही, थंडीत तर अजून अवघड कारण हवा दाट असते. १/१२ असेल तर विसरा. बॅरलवर काही लिहिलं नसेल तर क्लिनिंग रॉडला घट्ट पॅच लावा, रॉडचं हँडल मोकळं फिरणारं हवं, रॉडवर टेपची खूण करा आणि हळूच ढकलत जा. खूण पूर्ण एक फेरा फिरून पुन्हा वर आली की रॉड किती इंच आत गेला ते मोजा, तोच तुमचा ट्विस्ट. हे करताना रायफल रिकामी आहे ना, दोनदा बघा, मला पुन्हा सांगायला लावू नका.

चेंबर (नळीत मागे राऊंड बसतो ती जागा) पण बघा. फक्त .२२३ असं लिहिलेलं असेल तर ५.५६ चा ॲमो त्यात घालू नका, ५.५६ चेंबरचा पुढचा घसा लांब असतो आणि तो ॲमो जास्त दाबाला भरलेला असतो. ५.५६ किंवा वाइल्ड असेल तर दोन्ही चालतं. आणि ७७ ग्रेन ही साधारण शेवटची पायरी आहे जी मॅगझिनच्या लांबीत, २.२६ इंचात, बसते. ८० च्या मॅच गोळ्या सहसा इतक्या लांब भरतात की एकेक हाताने घालाव्या लागतात, म्हणून त्या आपल्या यादीत नकोत.

दुसरं काम: काय काय विकत आणायचं

सगळा बाजार तपासायला जाऊ नका, पैसे आणि बॅरल दोन्ही संपतील. तीन किंवा चार प्रकार पुरे. स्वस्त बाजूला फ्रंटियर ७५, प्रवी पार्टिझानचा ७५ एचपीबीटी, पीएमसीचा एक्स-टॅक मॅच ७७, आयएमआयचा रेझर कोअर ७७ अशी नावं दिसतील, यातले शेवटचे दोन सिएराच्या गोळ्या वापरतात म्हणून ते स्वस्तातले महाग असतात. सेलमध्ये जे मिळेल त्यातले दोन-तीन घ्या.

आणि याशिवाय एक ॲमो खरा मॅचचा घ्या, फेडरल गोल्ड मेडल ६९ किंवा ७७, नाहीतर ब्लॅक हिल्स ७७. इथे लोक हात आखडता घेतात आणि तिथेच फसतात. हा ॲमो मोजपट्टी आहे. तो जर तुमच्या हातून २ इंचाचा ग्रुप देत असेल तर स्वस्त ॲमो २.२ चा देतोय म्हणून त्याला नावं ठेवायचं कारणच नाही, दोष तुमच्यात, स्कोपमध्ये किंवा बॅरलमध्ये आहे. मोजपट्टीशिवाय टेस्ट म्हणजे अंधारात ढेकूळ मारणं.

प्रत्येकाचे किमान ४० राऊंड हवेत, आणि सगळे डबे एकाच लॉटचे. लॉट नंबर डब्याच्या फ्लॅपवर किंवा आत छापलेला असतो, दुकानात उभं राहून बघा, लाजू नका. ऑलिंपिकला जाणारे ५० मीटरवाले नेमबाज .२२ चा ॲमो घेताना हेच करतात, थेट कंपनीच्या टेस्ट रेंजवर आपली रायफल शिकंजात बांधून एकेक लॉट मारून बघतात आणि जो जमतो त्याचा साठा करतात. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ घेतलं त्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये दहाचं, म्हणजे दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलीमीटरचं असतं, तिथे लॉट हा देवासारखा. आपल्याला एवढं काटेकोर व्हायची गरज नाही, पण लॉट बघायची सवय मात्र उचला.

घरी आल्यावर राऊंड ट्रेमध्ये उभे करून नजरेखालून घाला. एखादी गोळी आत ढकलली गेलीय का, केसला (पितळी नळकांड्याला) खोल चेप आहे का, प्रायमर (केसच्या बुडातली टिकली) वर आलाय का. आत ढकललेली गोळी दिसली तर तो राऊंड बाजूला, दाब वाढतो. बाकी राऊंड वजन करून वगैरे निवडत बसू नका, केसचंच वजन इतकं कमीजास्त असतं की त्यातून काही कळत नाही.

तिसरं काम: रेंजवर

सकाळी लवकर जा. इथे टेक्सासमध्ये जून ते सप्टेंबर दहा वाजल्यानंतर जमिनीवरून अशा लाटा उठतात की टार्गेट पाण्यात पडल्यासारखं हलतं. ॲमो गाडीच्या डिकीत तापत ठेवू नका, बारूद गरम झालं की वेग वाढतो, आणि पहिला डबा थंड, चौथा डबा भाजलेला असं झालं की तुलनाच गेली. मी आईस नसलेल्या कूलरमध्ये ठेवतो, सावलीत.

पुढे बायपॉड किंवा सँडबॅग, मागे स्टॉकखाली छोटी बॅग. बायपॉड असेल तर सगळ्या ग्रुपना तसाच, बॅग असेल तर सगळ्यांना बॅग. स्कोपला पॅरालॅक्सची (डोळा हलला की क्रॉसहेअर टार्गेटवर सरकल्यासारखं दिसतं ते) ॲडजस्टमेंट असेल तर ती १०० ला नीट जुळवा. टार्गेट म्हणून मोठा काळा गोळा नको, बारीक चौकोन घ्या ज्याच्या टोकावर क्रॉसहेअर बसेल. आणि झिरो (स्कोपचा नेम आणि गोळीचा मारा जुळवलेली जागा) मुद्दाम दोन इंच बाजूला ठेवा, नाहीतर नेम धरायची जागाच गोळ्या खाऊन टाकतात.

आता राऊंड मारायचा क्रम. एक ॲमो बदलून दुसरा घेतला की पहिले पाच राऊंड वेगळ्या कागदावर, मोजायचे नाहीत. नळीत आधीच्या बारुदाचा थर असतो, तो बदलायला वेळ लागतो. मग दहाचा एक ग्रुप, आरामात, दोन राऊंडच्या मध्ये किमान पंधरा-वीस सेकंद. मग ॲक्शन उघडी ठेवून बॅरल हाताला सोसेल इतकी थंड होईपर्यंत थांबा, पातळ बॅरल तापली की ग्रुप वर किंवा बाजूला सरकत जातो आणि आपण ॲमोला शिव्या घालतो. चारही ॲमो असे एकदा फिरवले की उलट्या क्रमाने पुन्हा एक फेरी, म्हणजे सकाळची ताजी नजर कोणा एकाच्याच वाट्याला येत नाही. चार ॲमोचे ८० राऊंड कागदावर, अधिक बदलताना वाया गेलेले. दोन-तीन तास जातील. घाई असेल तर दोन दिवसात विभागा, पण मग मॅचचा डबा दोन्ही दिवशी मारा.

प्रत्येक गोळीला ट्रिगर सुटला त्या क्षणी क्रॉसहेअर कुठे होतं ते मनात म्हणा आणि वहीत टिपा. "तीन वाजता गेली" (घड्याळातल्या तीनकडे, म्हणजे उजवीकडे) असं वाटलं आणि भोकही तिथेच आहे, तर ती चूक तुमची. सुटली मध्यावर आणि भोक दीड इंच वर, तर ती गोळीची. या वहीवर पुढचा निर्णय होणार आहे. आणि एक, फ्लायर म्हणून कुठलीही गोळी वगळायची नाही. जी गोळी लांब गेली तीच तर बघायला आलोय आपण!

आवाज वेगळा आला, फुसका, धक्काच कमी, तर लगेच थांबा. मॅगझिन काढा, चेंबर रिकामा करा, बोल्ट काढून नळीत उजेड दिसतो का बघा. गोळी अडकलेली असेल आणि मागून दुसरी मारली तर बॅरल फाटते.

चौथं काम: मोजणं

तीन गोळ्यांचा ग्रुप का नको, याचं साधं गणित आहे. त्याच रायफलचे, त्याच ॲमोचे तीनचे ग्रुप सरासरी १ इंच येत असतील तर पाचचे साधारण १.३ आणि दहाचे साधारण १.६ इंच येतात. ॲमो बिघडलेला नाही, जास्त गोळ्या मारल्या की लांबची गोळी सापडायची शक्यता वाढते, एवढंच. शिवाय तीनच्या ग्रुपमध्ये नशीब फार मोठं असतं, कधी ०.५ येईल कधी दीड. माझं नाणं आठवा.

दोन सर्वात लांबच्या भोकांच्या बाहेरच्या कडा कॅलिपरने मोजा, त्यातून .२२४ वजा करा. १०० यार्डला १.०४७ इंच म्हणजे १ एमओए (मिनिट ऑफ अँगल, कोनाचं माप, म्हणून अंतर वाढलं की इंच त्याच प्रमाणात वाढतात). पण दहा गोळ्या मारून फक्त दोन भोकांवर निकाल काढायचा हे मला पटत नाही, म्हणून मीन रेडियस पण काढा: सगळ्या भोकांचा मध्य शोधायचा आणि प्रत्येक भोक त्या मध्यापासून किती लांब आहे त्याची सरासरी. फोनवर फोटो काढून हे करणारी ॲप आहेत, दोन मिनिटांचं काम. दोन ॲमोंच्या ग्रुपमध्ये पंधरा-वीस टक्क्यांचा फरक असेल तर तो फरक नाहीच असं धरा, स्वस्त तो घ्या.

क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) कोणाचा मिळाला तर वेग पण टिपा. बॅरलला टांगायचा असेल तर त्या वेळी ग्रुप मोजू नका, वजनाने मारा बदलतो, बाजूला ठेवायचे रडारवाले यात बरे. १०० यार्डला वेगातला ५० फुटांचा फरक ग्रुपमध्ये दिसणारही नाही. ६०० यार्डला तोच फरक ७७ ग्रेनला चार-पाच इंच वर-खाली करतो. म्हणजे १०० ला सुंदर दिसलेला ॲमो ६०० ला उभा ताणला जाऊ शकतो. स्वस्त ॲमो बहुतेक इथेच मार खातो.

जमलं तर जो ॲमो आवडला त्याचे दहा राऊंड ३०० ला मारून बघा आणि भोकं नीट निरखा. गोल हवीत. लांबट, चावीच्या भोकासारखं एक जरी दिसलं तर गोळी आडवी होऊन पोचतेय, तुमच्या ट्विस्टला ती पेलत नाही, विषय संपला.

आता निर्णय

इथे लोक सर्वात लहान ग्रुपवाला ॲमो घेतात. मी तसं करत नाही. प्रॅक्टिसच्या ॲमोचं काम एकच, आपली चूक आपल्याला दाखवणं. ॲमोच इतका पसरत असेल की दहाऐवजी नऊच्या वर्तुळात गेलेली गोळी माझी की त्याची हेच कळत नाही, तर तो फुकट दिला तरी महाग.

किती पसरलेला चालेल हे टार्गेटवरून ठरवा. सीएमपी या अमेरिकेतल्या नेमबाजी संस्थेच्या सर्व्हिस रायफल मॅचमध्ये २०० यार्डच्या एसआर टार्गेटवर दहाचं वर्तुळ ७ इंचांचं, म्हणजे ३.३ एमओए. ३०० ला पण दहाचं वर्तुळ ७ इंचच, म्हणजे २.२ एमओए. ६०० ला १२ इंच, १.९ एमओए. आता तुमचा हात आणि ॲमो यांचे पसारे सरळ बेरजेने वाढत नाहीत, वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं. समजा उभं राहून २०० ला तुमचा स्वतःचा पसारा ३ एमओए आहे. १ एमओएच्या ॲमोने एकूण ३.२ होतो, २ च्या ॲमोने ३.६. कळणारही नाही. उभ्याने मारायला मॅचचा ॲमो जाळणं म्हणजे निव्वळ हौस. पण झोपून ३०० ला तुमचा पसारा १ असेल, तर १ च्या ॲमोने १.४ आणि २ च्या ॲमोने सव्वादोनाच्या जवळ, म्हणजे दहाचं वर्तुळ पूर्ण भरलं, चुकायला जागाच नाही.

म्हणून माझ्या घरी दोन पेट्या असतात. उभ्याच्या आणि बसून रॅपिडच्या (ठराविक वेळात भराभर मारायच्या) सरावाला दहाच्या ग्रुपला २ एमओएपर्यंतचा स्वस्त ७५, आणि ३०० च्या पुढे त्यातला एक पायरी वरचा ७७. साधा ५५ च का नाही, असं विचाराल, तर रिकॉईल (मागे बसणारा धक्का) आणि स्कोपची क्लिक (नेम सरकवायची पायरी). स्वस्त ७५-७७ मॅचच्या ७७ सारखाच वागतो, वाऱ्यासाठी नेम जवळपास तेवढाच सरकवावा लागतो, म्हणजे जे शिकतो ते मॅचमध्ये तसंच वापरता येतं. तरी दोन्हींचा झिरो एकच असेल असं गृहीत धरू नका. टेस्टच्याच कागदावर दोन्ही ग्रुपचे मध्य किती इंच लांब आहेत ते मोजून ठेवा आणि क्लिकमध्ये लिहून स्टॉकच्या आत चिकटवा. मी एकदा हे विसरून प्रॅक्टिसच्या झिरोवर मॅच खेळायला गेलो होतो, सायटर (मॅचआधीच्या न मोजल्या जाणाऱ्या गोळ्या) संपेपर्यंत घाम फुटला.

किंमत बघताना डब्याची बघू नका, शिपिंग आणि टॅक्स धरून दर राऊंडची काढा. स्वतः रीलोड करत असाल तर पितळी केसची किंमत त्यातून वजा करा, पण फ्रंटियरसारख्या लेक सिटी कारखान्याच्या केसमध्ये प्रायमर क्रिंप केलेला (कडेने दाबून पक्का बसवलेला) असतो, तो काढायचं एक जास्तीचं काम येतं.

ठरलं की त्याच दिवशी दुकानाला फोन करून टेस्ट केलेला लॉट नंबर सांगा आणि तोच आहे का विचारा. नसेल तर नवीन लॉटचे दोन डबे मागवा, दहाचे दोन ग्रुप मारा, मग पेटी. हा एक फोन मी तेव्हा केला असता तर ते हजार राऊंड आज गॅरेजमध्ये धूळ खात नसते, अजून चारशे उरलेत, भाच्याला २५ यार्डला शिकवायला काढतो.

रेंजवरून आल्यावर हात गार पाण्याने साबण लावून धुवा, शिसं असतं, तसेच हात घेऊन जेवायला बसू नका. आणि रेंजची बॅग ही फक्त रेंजचीच बॅग ठेवा. भारतात जाताना तीच बॅग केबिन बॅग म्हणून उचलली आणि कोपऱ्यात एक राऊंड, किंवा नुसती रिकामी केससुद्धा राहिली, तर एअरपोर्टवर आर्म्स ॲक्टखाली अडकायला तेवढं पुरतं. माझ्या बॅगेला बायकोने लाल रिबन बांधून ठेवलीय, घरात कोणी त्या बॅगेत कपडे भरत नाही.